आधी टोकाला

रास अल खैमाच्या मासळी बाजारात
तीस नोव्हेंबरला सकाळी आठ वाजता
झेंडा अर्ध्यावर आणतात.
ऑफिसातल्या पोरानं दोरी ओढली,
अर्ध्यापर्यंत नेला
आणि गाठ मारायला लागला.

“थांब!” फाटकावरून भिलारे ओरडले,
मराठीतच, घाईत त्यांना दुसरं सुचत नाही.
“आधी टोकाला. पुरता वर. मग खाली.
जो वर गेलाच नाही
त्याला उतरवणार काय तू?”

पोरगा केरळचा. शब्द कळले नाहीत, हात कळला.

मी दाभोळचा, वजनकाट्यावर असतो.
सुरमईला इथे कनद म्हणतात, एवढाच काय तो फरक.
भिलारे जावळीचे. निवृत्त हवालदार, पायदळ.
आता बारा तासांची ड्यूटी, निळा शर्ट,
टोपीवर कंपनीची पितळी किल्ली.
डाव्या पायाची दोन बोटं वर बर्फात राहिली,
बुटाच्या त्या कोपऱ्यात कापूस कोंबतात,
आणि जूनच्या उन्हात सगळा माणूस भाजत असतो तेव्हाही
तेवढंच गार लागतं म्हणतात.

नोव्हेंबर त्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना.
मागच्याच आठवड्यात माझ्या मोबाइलपुढे बसून
डोळ्यांची उघडझाप करत
त्यांनी सरकारला पटवलं होतं
की रंगनाथ भिलारे अजून आहेत.
तीनदा चेहरा जुळला नाही.
“मेलेल्यांचं बरं,” म्हणाले,
“त्यांच्याबद्दल कुणाला शंका नसते.”

साडेअकराला एक मिनिट.
कापणाऱ्यांनी सुरे खाली ठेवले.
बर्फाचं यंत्र कुणीतरी बंद केलं,
तेव्हा कळलं ते वर्षभर किती आवाज करतं.
अर्धा सोललेला हमूर फळीवर तसाच.
भिलारे सावधान.
सॅल्यूट नाही केला. नंतर विचारलं,
तर टोपी काढून ती किल्ली दाखवली फक्त.

त्यांचे ओठ हलत होते.
वाटलं, देवाचं काही म्हणत असतील.
मी दोन हातांवर होतो, म्हणून ऐकू आलं:
चोरगे. शेडगे. पार्टे.
मग एक नाव, गिळल्यासारखं.
मग मुकुंदा.
चौघं आडनावानं, एकटा मुकुंदा नुसता मुकुंदा.
पाच नावं संपली तरी मिनिट उरलं होतं.
ते पुन्हा चोरग्यांपासून सुरू झाले.

झेंडा वर गेला. राष्ट्रगीत वाजलं, त्यांचं.
अबू खलफान खांबापाशी उभे होते,
रोज येतात, शेरी नेतात,
त्यांचा मुलगा दक्षिणेकडच्या लढाईत गेला
हे बाजारात सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही.
त्यांनी भिलाऱ्यांच्या जुळलेल्या टाचांकडे पाहिलं.
“अस्करी?”
“लष्करी,” भिलारे म्हणाले.
एवढ्यापुरता दुभाषा लागला नाही.

म्हाताऱ्यानं एक बोट वर केलं. “खलफान.”
भिलाऱ्यांनी सगळा पंजा उघडला,
आणि त्यात इतका वेळ पाहत राहिले
की मलाच तिसरीकडे बघावं लागलं.

मिठी वगैरे कुणी मारली नाही.
अबू खलफाननी दोन किलो शेरी घेतली,
मी भाव उतरवला,
त्यांनी पुरता दिला.

यंदा भिलारे नाहीत. वयामुळे व्हिसा वाढला नाही.
दाखला आता गावच्या पोस्टात देतात,
तिथला पोस्टमन त्यांना चेहऱ्यानं ओळखतो.
सकाळी पोरानं दोरी धरली,
माझ्याकडे न बघता टोकापर्यंत नेला,
क्षणभर ठेवला,
मग खाली.

साडेअकराला यंत्र बंद झालं
आणि मी, ज्यानं सुऱ्याशिवाय काही हाती धरलं नाही,
म्हणायला लागलो: चोरगे, शेडगे, पार्टे.
चौथ्यापाशी थांबलो, एका नावाएवढा.
फोन करून विचारता येईल. विचारलेलं नाही.
ते त्यांनी मला ऐकवलं नव्हतं.
मग मुकुंदा.
मग, अजून वेळ होता म्हणून,
खलफान.